काळ्या दिवसाची परवली

टायबर नदीवरचे धुके अजून विरले नव्हते. पूर्वेला तांबडे फुटत होते आणि टेकडीवरच्या शाही छावणीचे बुरूज एकेक करून उजेडात येत होते. आठ दिवस झाले, सम्राट अंथरुणाला खिळले होते आणि त्यांच्या महालात धाकटी सम्राज्ञी, म्हणजे युवराजाची सावत्र आई, प्लॉशिया व सरनोबत व्हिबिडियस या दोघांवाचून कुणाला पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. खुद्द थोरल्या युवराजालाही नव्हती! पोटच्या पोराला बापाच्या उशाशी बसू देऊ नये, यावरूनच काय ते समजावे.

युवराज ड्रुसियान चोवीस वर्षांचा होता. तो अंगरखा चढवीत असताना शतनायक सॅटर धापा टाकत दारात आला. तीस वर्षे शाही पहाऱ्यात केस पांढरे केलेल्या त्या माणसाने हातातली मेणाची पाटी युवराजापुढे धरली. रोमची रीतच अशी, की रोज पहाटे सम्राटाने स्वमुखाने परवलीचा शब्द द्यायचा, तो पाटीवर उतरायचा आणि मग अख्ख्या पहाऱ्यात फिरायचा. परवली ज्याची, फौज त्याची.

"युवराज, आजचा शब्द 'गरुड' आला आहे."

"आज तारीख कोणती, सॅटर?"

"दुसरी, सरकार. म्हणून तर धावत आलो."

महिन्याची दुसरी तारीख म्हणजे काळा दिवस. पूर्वी एका महिन्याच्या दोन तारखेला नवी परवली देऊन सम्राटांनी लढाई गमावली होती, आणि तेव्हापासून त्या दिवशी ते नवा शब्द कधीच देत नसत. आदल्या दिवसाचाच चालवत. हे पहाऱ्यातल्या प्रत्येक शिपायाला ठाऊक होते. व्हिबिडियसला मात्र सरनोबतीवर येऊन जेमतेम वीस दिवस झाले होते.

"म्हणजे हा शब्द बाबांचा नव्हे. बाबा गेले," युवराज म्हणाला. त्याला रडू फुटले, आणि ते त्याने लपवले नाही.

"काल पहाटे बंद दाराआडून 'सबूर' ही परवली दिली, तो आवाज त्यांचाच होता. त्यानंतर कुणी ऐकला नाही. सरकार, आता अश्रू नंतर ढाळा. सरनोबत सगळ्यांना मैदानात बोलावतोय. राणीच्या मुलाच्या, धाकट्या राजपुत्राच्या नावाने शपथ घेववणार आणि मग तुमचं मुंडकं मागणार. घाटावर होडी तयार आहे."

"होडीत बसलो तर बापाला मारून पळाला म्हणतील. मला छावणीत ने."

मैदानात पलटणी रांगेने उभ्या होत्या. निःशस्त्र युवराज फक्त सॅटरला घेऊन चालत येताना पाहून व्हिबिडियसच्या कपाळावर आठी पडली, पण त्याने अदबीने मान लववली.

"युवराजांनी तसदी का घेतली? सम्राटांची प्रकृती उत्तम आहे."

"ऐकून समाधान वाटले, सरनोबत. आजची परवली त्यांनीच दिली?"

"स्वमुखाने. आज पहाटे. मी पलंगाशी उभा होतो."

युवराज रांगांकडे वळला. "गड्यांनो, ऐकलंत? आज दुसरी तारीख आहे. सम्राटांनी आज नवा शब्द दिला म्हणे!"

मग मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "खोटं!" आणि पाहता पाहता साऱ्या छावणीने तो शब्द उचलला. आपले काय चुकले हे व्हिबिडियसला अखेरपर्यंत उमगले नाही, पण डाव फसला एवढे कळले. त्याने खंजीर उपसला आणि सॅटर मध्ये पडण्याआधीच युवराजाच्या बरगडीत खुपसला. पुढच्याच क्षणी शिपायांनी त्याची खांडोळी केली.

फौज बेभान झाली होती. "महाल पेटवा! राणीला कापा, तिच्या पोराला कापा!" सहा वर्षांचे ते पोर बिचारे अजून झोपेत असेल. सॅटरने युवराजाचे डोके मांडीवर घेतले. मग त्याने हात वर करून सर्वांना गप्प केले आणि सम्राटापुढेच उच्चारायचा तो प्रश्न मोठ्याने विचारला.

"महाराज, आजची परवली?"

चोवीस वर्षे ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो असा रक्तात पडून ऐकावा लागला. ड्रुसियान कष्टाने हसला.

"काळा दिवस आहे, सॅटर. कालचीच राहू द्या."

"सबूर," सॅटर म्हणाला. शब्द रांगेतून रांगेत गेला, आणि महालाकडे निघालेल्या तलवारी निमूटपणे म्यानात परतल्या.

दिवस मावळताना ड्रुसियानने डोळे मिटले. राणीची रवानगी एका ओसाड बेटावर झाली. तिचा मुलगा पुढे तख्तावर बसला, आणि आपण जिवंत का आहोत हे सॅटरने त्याला मोठेपणी सांगितले. ड्रुसियानचे राज्य एका दिवसाचे, आणि त्या दिवशी स्वतःचा शब्द देणे त्याच्या नशिबी नव्हते.

तिसऱ्या तारखेच्या पहाटे परवली द्यायला कुणीच नव्हते. सॅटरने कुणालाही न विचारता पाटीवरचे मेण पुसले आणि त्यावर एकच शब्द कोरला, ड्रुसियान. त्या दिवशी छावणीच्या प्रत्येक दरवाजावर तेच नाव घेऊन माणसे आत-बाहेर करत होती.