चेक पास होईपर्यंत

गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते.

अरुंधती फाटकातच थबकली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात इराचं बोट, खांद्यावर इराचं दप्तर, आणि समोर तिची पिस्ता रंगाची फियाट. त्या फियाटच्या पोटाखालून चिखलाने भरलेले दोन बूट डोकावत होते. श्रावणातली सर नुकतीच पडून गेली होती. पनवेलच्या वडाळे तळ्याकडून ओला वारा येत होता आणि आळीत नेमकं कुणीच नव्हतं. काचेवर 'विकणे आहे' अशी पाटी लावल्यापासून रोज रात्री स्वप्नात गाडीची चाकं चोरीला जात होती. तिने इराला मागे सारलं आणि छत्रीचं टोक एका बुटावर टोचलं.

"बाहेर या."

"अवो, बगतोय फक्त," गाडीखालून आवाज आला. पाठोपाठ डोकं कशावर तरी आदळल्याचाही. मग एक उंच, सावळा माणूस रांगत बाहेर आला. कपाळावर ग्रीसचा पट्टा. तिला पाहून तो उभा राहिला आणि त्याची भाषाही एकदम उभी राहिली. "खालून गंजलीय का ते बघत होतो. वरून काय, सगळ्याच चांगल्या दिसतात."

"मग? दिसलं काही?"

"चांगलीच आहे," तो म्हणाला... पण हे म्हणताना तो गाडीकडे बघत नव्हता. की होता? अरुंधतीला ते नीटसं कळलं नाही, आणि न कळलेली गोष्ट तिला आवडत नसे.

कमळाकर घरत त्याचं नाव. जासईचा. तिथल्या कंटेनर यार्डात सुपरवायझर. आईचे गुडघे गेलेत, एसटीची पायरी तिला चढवत नाही, म्हणून गाडी हवी, असं त्याने सांगितलं. आधी आलेली गिऱ्हाइकं तिला ताई म्हणाली होती, वहिनी म्हणाली होती. एक तर माताजी म्हणाला होता. हा काहीच म्हणाला नाही. नाव, नातं, मॅडम, काहीच नाही. नुसतं 'तुम्ही'. हेही तिने मनात टिपून ठेवलं, संशयाच्या खात्यात.

संशय घ्यायला तिला कारण होतं. तिचा नवरा चारुदत्त काविळीने गेला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि त्याने मागे ठेवलेल्या वस्तूंत विकण्यासारखी ही एकच. शाळेच्या ऑफिसातल्या पगारावर ती, इरा आणि पद्मजामावशी असं घर चालत होतं. पण भाड्याची जागा मालक रिकामी करून घेणार होता, आणि नवीन पनवेलमध्ये तिने छोटंसं घर स्वतःच्या नावावर बुक केलं होतं. त्याचे पैसे दसऱ्याच्या आत भरायचे होते. गाडीचे पैसे बुडाले, तर घरही बुडालं. इतकं सरळ होतं ते.

आणि पैसे कसे बुडतात हे मावशीला तोंडपाठ होतं. मावशी निवृत्त शिक्षिका. त्यांच्या शाळेतल्या एका सरांनी स्कूटर विकली होती. चेक परत आला, स्कूटर नाही आली, हे वाक्य मावशी अशा चालीत म्हणत की इराचंही पाठ झालं होतं.

त्यामुळे कमळाकर पुन्हा आला तेव्हा ओटीवर दोघी तयारीत बसल्या होत्या. किमतीवर त्याने फारशी घासाघीस केली नाही. ते काही बरं लक्षण नव्हे. रोख देतो म्हणाला. नको, नोटा खोट्या निघाल्या तर, आणि एवढी रोकड घेऊन बँकेत जायचं कुणी? ड्राफ्ट देतो म्हणाला. मावशींनी मान हलवली, हल्ली ड्राफ्टही छापतात म्हणे. शेवटी ठरलं ते असं, की क्रॉस चेक द्यायचा, अरुंधतीने तो स्वतः खात्यात भरायचा, आणि पैसे जमा होईपर्यंत किल्लीही मिळणार नाही आणि कागदांवर सहीही.

"बरं," कमळाकर म्हणाला.

जो माणूस प्रत्येक गोष्टीला बरं म्हणतो त्याच्याकडे विशेष लक्ष ठेवायला हवं, असं मावशींचं मत पडलं. अरुंधतीनेही लक्ष ठेवायचं ठरवलं. आता त्यात मावशींचा दोष किती आणि तिचा किती, कोण सांगणार!

त्याचं खातं उरणकडच्या शाखेत. खाडीपलीकडचं गाव, पण बँकेच्या लेखी तो बाहेरगावचा चेक. कलेक्शनला जाणार, त्यात गणपतीच्या सुट्ट्या. कधी जमा होईल ते काउंटरवरच्या रंजिताला सांगता येईना. रंजिता अरुंधतीची कॉलेजातली मैत्रीण, तीसुद्धा खांदे उडवून मोकळी झाली.

पुढच्या रविवारी कमळाकर आला तो वेगळीच काळजी घेऊन. पावसात गाडी नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरेल. अधूनमधून सुरू करून थोडी फिरवायला हवी.

अरुंधती सावध झाली. हेच, हेच ते. फिरवतो म्हणून नेतात आणि मग... पण बॅटरी उतरली तर? तिला स्वतःला गाडी येत नव्हती. शेवटी ती म्हणाली, "फिरवा. पण आम्ही गाडीत बसू."

"बसा ना," तो म्हणाला. आणि हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं?

किल्ली तांदळाच्या डब्यात तळाशी पुरलेली असे. ती कोपरापर्यंत हात घालून किल्ली काढी, पदराला पुसून त्याच्या हातावर टेकवी आणि त्याच्या बरोब्बर मागे, मागच्या सीटवर बसे, म्हणजे हातांच्या हालचाली दिसतात. मावशी एकदाच आल्या. दुसऱ्या खेपेला त्यांचा गुडघा दुखायला लागला, आणि तो गुडघा नंतर फक्त रविवारी आणि बुधवारी संध्याकाळीच दुखत राहिला.

"आई, आपण का बसायचं?" इराने पहिल्याच दिवशी विचारलं.

"गाडी अजून आपली आहे म्हणून."

पळस्प्याच्या फाट्यापर्यंत जायचं आणि वळायचं. पुढेपुढे शिरढोणपर्यंत. दोन्ही बाजूंना पोटरीला आलेलं भात, मध्येच ऊन, मध्येच भुरभुर. गाडीला एकच वायपर होता, त्याच्या बाजूचा. डावीकडची काच पाण्याने भरून जाई. नवीन पातं लावायला हवं, असं एकदा ती सहज म्हणाली.

"काय घाई आहे?" तो समोर बघत म्हणाला. "तिकडे कुणी बसतच नाही ना."

आरशात तिला त्याचे डोळे तेवढे दिसत. ते रस्त्यावर असत. बहुतेक वेळा. कधी ती बघायची तेव्हा ते नुकतेच आरशातून निघून गेल्यासारखे वाटायचे... की तिला तसं वाटायचं? बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलं, हे त्याने इराला सांगितलं. इराने विचारलं होतं म्हणून. बायको नसल्यावर तुमचा डबा कोण भरतं, असाही तिचा पुढचा प्रश्न होता. अरुंधतीने खिडकीबाहेर बघितलं. पण उत्तर तिने नीट ऐकलं. आई, सोनाबाई.

एकदा किल्ली घेताना तो थांबला. तिच्या दात्यांत अडकलेला तांदळाचा दाणा त्याने काढला, नाकाशी नेला.

"आंबेमोहोर?"

तिचे कान तापले. लपवण्याची जागाही त्याला कळली होती. आता जागा बदलायला हवी, असं ती चार दिवस म्हणत राहिली, आणि किल्ली तांदळातच राहिली.

सोनाबाईंनी मळ्यातलं मोठं तवसं, जून काकडी, पाठवलं. ही लाच आहे, असं मावशी म्हणाल्या आणि त्यांनी त्याचं रवा-गुळाचं गोड धोंडस करून दोन वेळा खाल्लं.

मग एका बुधवारी तो आलाच नाही. अरुंधती सहा वाजल्यापासून खिडकीत होती. साडी बदललेली होती, कशासाठी ते तिने स्वतःला विचारलं नाही. चेक खोटा निघाला असणार. त्याला कळलं असणार, म्हणून तोंड लपवलं. घर गेलं. दसरा गेला. दिवेलागण झाली, इरा जेवून झोपली, तरी ती हेच घोकत होती. आणि मध्येच तिच्या लक्षात आलं की आपण चेकचा विचार करतोय असं म्हणतोय खरं, पण डोळ्यांपुढे चेक नाहीच. आरशातले डोळे आहेत. नक्की कशाची भीती वाटतेय? पैसे गेल्याची, की माणूस न आल्याची? तिला काहीच उमगेना, आणि मग स्वतःचाच राग आला.

रविवारी तो आला. आईला ताप होता, म्हणाला. बारीक झाला होता. तिने त्या दिवशी चहात आलं घातलं.

विसर्जनानंतर बँक उघडली तशी ती गेली. रंजिताने पासबुकात नोंद घालून ते तिच्यापुढे सरकवलं. "अगं, पैसे कधीच आलेत. सुट्ट्यांच्या आधीच जमा झालेत. तू फिरकलीच नाहीस."

अरुंधतीने हिरव्या पानावरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचला. घर वाचलं. तिला रडू आल्यासारखं झालं, हसूही. पायऱ्या उतरताना मात्र ती मध्येच थांबली. सुट्ट्यांच्या आधी? मग त्यानंतर तो आला ते कशासाठी? फाट्यापर्यंत गाडी फिरवली, किल्ली तिच्या हातात परत ठेवली आणि एसटीने जासईला गेला. स्वतःच्या गाडीची किल्ली! त्याच्या खात्यातून गेले ते त्याला कळलं नसेल? पैसे देऊन वस्तू न नेणारा माणूस मावशींच्या एकाही गोष्टीत नव्हता. यात डाव काय असावा, हे शोधत ती घरापर्यंत आली, आणि डाव काही सापडला नाही.

घरी मावशींनी विचारलं, आला का चेक? ती म्हणाली, बघू.

संध्याकाळी तो आला तेव्हाही ती बोलली नाही. तांदळात हात घातला, किल्ली दिली, मागे बसली. सांगितलं की किल्ली द्यायची, किल्ली दिली की संपलं. रविवारीही तेच. त्या रात्री केस विंचरताना तिला एकदम दिसलं की पैसेही आपल्याकडे आणि गाडीही आपल्याकडे. मावशींच्या गोष्टीतला तो भामटा समोर आरशात उभा होता, आणि त्याच्या हातात फणी होती.

पुढच्या खेपेला शिरढोणच्या चहाच्या टपरीपाशी त्याने गाडी थांबवली. इरा मागच्या सीटवर पेंगली होती. दोघं बाहेर, बॉनेटपाशी उभी राहिली. भुरभुर चालू होती, टपावर तिचा बारीक आवाज येत होता.

"तुमचे पैसे जमा झालेत," अरुंधती ग्लासात बघत म्हणाली. "आजचे नाहीत. बरेच दिवस झाले. मी... सांगितलं नाही."

"ठाऊक आहे."

तिने मान वर केली.

"माझ्याच खात्यातून गेले ना," कमळाकर म्हणाला. "त्याच आठवड्यात कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

टपरीवाल्याने स्टोव्हला पंप मारला. एक ट्रक चिखल उडवत गेला. उत्तर दोघांनाही मिळालं होतं.

"किल्ली घेतली असती," तो हळू म्हणाला, "तर परत यायला मी काय सांगणार होतो? बॅटरी उतरते म्हणून? अवो, एवढ्यात नाय उतरत फियाटची बॅटरी." भाषा पुन्हा घसरली होती. त्याने सावरली नाही.

तिला हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर सगळा गोंधळ पुन्हा वर आला. चारुदत्त, इरा, आळीतले लोक, जासईचं घर. तुमच्या आई काय म्हणतील, तिने विचारलं. आईला गाडी बघायची घाई नाही, तो म्हणाला. मागच्या सीटवर कोण बसतं ते बघायची आहे.

"मला काही कळत नाहीये," अरुंधती म्हणाली. "खरंच. मला वेळ लागेल."

"लागू दे." ग्लास त्याने टपावर ठेवला. "चेक कलेक्शनला टाकलाय समजतो. बाहेरगावचा आहे, अरुंधती. यायचा तेव्हा येईल."

आपलं नाव त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती. ताई न म्हणण्याचं कारण इतकं सोपं असेल, हे तिला या सबंध पावसाळ्यात सुचलं नव्हतं.

गाडी नावावर करायला ते पेणला गेले. कर्नाळ्याच्या घाटात ढग रस्त्यावर उतरले होते आणि इरा माकडं मोजत होती. आरटीओच्या खिडकीपाशी अरुंधतीने कागदांवर सह्या केल्या, आधी प्रत्येक ओळ वाचून. सवय ती सवय. मग पदराच्या टोकातून किल्ली सोडली आणि त्याच्या हातावर ठेवली. या वेळी परत घ्यायची नव्हती. हात रिकामा वाटला... पण तिला वाटलं होतं तितका नाही.

बाहेर आले तर पुन्हा थेंब. कमळाकरने डिकीतून नवंकोरं वायपरचं पातं काढलं आणि डाव्या बाजूला बसवायला लागला. तिच्याकडे न बघता. मग काच पुसली, पुढचं डावं दार उघडलं आणि बाजूला उभा राहिला.

इरा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "आई, गाडी तर काकांची झाली. मग आता आपण का बसायचं?"

अरुंधतीने छत्री मिटली.

"बसावंसं वाटतं म्हणून," ती म्हणाली, आणि पुढे बसली.