उजव्या झडपेचे दात

"कुपीत जो शिंपला आहे, तो माझा नाही," संशोधक मुलगी म्हणाली. "आणि हे कुणालाच पटत नाहीये."

भिंगताईंनी तिला खुर्ची दिली. खासगी तपासाचं काम करणाऱ्या या बाईंचं खरं नाव दारावरच्या पाटीपुरतंच उरलं होतं. त्यांचे धाकटे दीर, भावजी, खिडकीशी सफरचंद सोलत बसले होते.

मुलीने सांगितलं ते थोडक्यात असं. खोल समुद्राच्या गाळात तिला तिळाएवढ्या शिंपल्याची एक नवी जात सापडली होती. दोन झडपांपैकी एकच मिळाली, उजवी. तिच्या बिजागरीवर कंगव्यासारखे दात होते: मधल्या खाचेच्या पुढे नऊ, मागे पाच. नेहमीच्या जातीत दोन्हीकडे नऊ. एवढ्या फरकावर तिचा प्रबंध उभा होता. आज सकाळी परीक्षकांनी संग्रहालयात कुपी उघडली, तर आत डावी झडप आणि दात नऊ-नऊ.

"ते म्हणाले, ही जात तू मनानेच रचलीस. संध्याकाळी तसा शेरा लिहून ते जाणार. पदवी तर गेलीच, पण यापुढे माझ्या हातात साधा चिमटा तरी कोण देईल?"

"तिळाएवढी वस्तू!" भावजी म्हणाले. "कुणीतरी शिंकलं असेल."

"शिंकेने उजव्याचं डावं होत नाही, भावजी. उठा."

संग्रहपालांची खोली लख्ख होती. टेबलासमोरच्या भिंतीवर त्या शिंपल्याचं भलंमोठं पोस्टर होतं. झडप आतून दाखवलेली, निमुळती चोच डावीकडे. शेजारी चकचकीत लाकडी कपाट.

"किल्ली कुणाकडे असते?" ताईंनी विचारलं.

"त्या खिळ्यावर. सगळ्यांना माहीत आहे."

ताईंनी खण ओढला. व्हिनेगरसारखा आंबट वास आला. शेजारच्या कुप्यांतले शिंपले खडूसारखे पांढरे पडले होते. कडा भुगा झालेल्या, बिजागऱ्या मात्र शाबूत.

"कपाट सुरेख आहे."

संग्रहपाल खुलले. "तीन वर्षं झाली. हट्टाने करून घेतलं मी. नुसतं लाकूड निवडायला महिना घालवला."

"हा शिंपला तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता?"

"मी कशाला पाहू? समोर हा आहे की, परातीएवढा!"

"प्रबंधात पाहिला असेल."

"ते बाड? नाही हो. आपलं काम सांभाळायचं."

चित्रकार बाई शेजारच्या खोलीत रंग धूत होत्या. "पोस्टरवरचं चित्र माझंच, पण उलटं छापलंय. आतून पाहिलं की उजव्या झडपेची चोच उजवीकडे येते. प्रबंधात तशीच आहे. पोस्टरवाल्याला तिचं तोंड मजकुराकडे हवं होतं!"

"संग्रहपालांना सांगितलंत?"

"ते येईल-जाईल त्याला कौतुकाने दाखवत होते. जिवावर आलं."

परीक्षक व्हरांड्यात उभे होते. "प्रबंध मी तीनदा वाचला. उत्तम आहे. पण नमुना नाही तर जात नाही. माझा नाइलाज आहे."

ताईंनी सगळ्यांना कपाटापाशी बोलावलं.

"म्हणजे चोर सापडला?" भावजींनी विचारलं.

"चोरी झालीच नाही. शिंपला कपाटाने खाल्ला."

ताईंनी तो खण पुन्हा ओढला.

"काही लाकडं वर्षानुवर्षं आंबट वाफ सोडतात. शिंपला म्हणजे चुना, तो तिच्यात विरतो. हा सगळ्यांत पातळ, म्हणून आधी गेला. परीक्षक येणार म्हणून कुणीतरी कुपी उघडली. आत भुगा. घाबरून त्या माणसाने त्याच गाळातली नेहमीची झडप तिथे ठेवली. पण डावी. इथे तिघांना शिंपला उजवा असल्याचं ठाऊक होतं: हिला, चित्रकार बाईंना आणि प्रबंध वाचलेल्या परीक्षकांना. डावी झडप तोच निवडील, ज्याने फक्त पोस्टर पाहिलं. चोच आणि आकार त्याने जुळवला. दात जुळणार नव्हते. तसे दात असलेली दुसरी झडप कुणाजवळच नव्हती."

"काका?" मुलगी म्हणाली.

संग्रहपाल मटकन खाली बसले. "माझ्या कपाटाने तुझं काम खाल्लं, हे कोणत्या तोंडाने सांगू, पोरी?"

"भुगा कुठे आहे?" ताईंनी विचारलं. "तुम्ही तो फेकला नसणार."

"संग्रहातलं मी काही फेकत नाही," ते पुटपुटले. चष्म्याच्या डबीतून त्यांनी एक पुडी काढली.

"शेजारच्या कुप्या पाहा," ताई परीक्षकांना म्हणाल्या. "कडा गेल्या, तरी बिजागऱ्या राहिल्यात. तो भाग सगळ्यांत जाड."

परीक्षकांनी पुडी सूक्ष्मदर्शकाखाली उघडली. सुईच्या टोकाने पांढरी पूड बाजूला सारली.

"चोच नाही. कड नाही." मुलीने ओढणीचं टोक मुठीत आवळलं. "खाच आहे. पुढे नऊ." सुई सरकली. ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

"मागे पाच."

शेरा न लिहिताच त्यांनी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं.

संग्रहपाल उठले आणि कपाटाचा सगळ्यांत वरचा खण बाहेर ओढू लागले. तो जड होता. भावजींनी पुढे होऊन त्याचं दुसरं टोक धरलं.