शेड एकच्या लाल चपला

“वहीं रुकिए! एक पाऊलही पुढं टाकायचं नाही!”

प्रतिमा अशी कडाडली, की शेडच्या दारातला तो पाहुणा एका पायावरच थांबला.

“आधी चपला बदला. शेड एकच्या लाल, शेड दोनच्या निळ्या. इकडची घाण तिकडं गेली, तर निस्तरायला तुम्ही येणार का?”

“हाच नियम शिकवायला आलो होतो जी,” तो हसला. “मी डॉक्टर श्रीरंग. व्हेटर्नरी कॉलेजातून तपासणीला आलोय.”

बाप्पा! प्रतिमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मझौली रोडवरचं हे पोल्ट्री फार्म तिच्या बाबांचं, शालिग्रामरावांचं. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी उभारलेलं. पण हुकूम चालायचा तो प्रतिमाचा. श्रीरंग दर मंगळवारी येऊ लागला. कोंबड्यांच्या विष्ठेचे, पाण्याचे, अंड्यांचे नमुने घ्यायचा. प्रतिमा पिशवी धरायची, तो सांगायचा, “साल्मोनेला मोठा लबाड जंतू. कोंबडी ठणठणीत, अंडं चकाचक... आणि खाणारा दवाखान्यात!” असलं ऐकून कोणी लाजतं का? ही लाजायची.

पाचव्या मंगळवारी मात्र त्याच्या स्कूटरवर मागं भानुमती बसून आली. लॅबमधली सहकारी. उंच, गोरी, लांबसडक वेणी. “नमुने धरायला मदत होईल,” श्रीरंग म्हणाला. मदत म्हणे! म्हणजे चार मंगळवार प्रतिमानं पिशवी धरली, ते काय गंमत म्हणून?

फणकाऱ्यानं ती शेड एकमध्ये अंडी गोळा करायला गेली. कान मात्र शेड दोनकडे. आणि तेवढ्यात तिकडून हसू आलं... चांगलं खळखळून! प्रतिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रे आदळला आणि ती तरातरा निघाली.

शेड दोनमध्ये पाहते तर काय — एका कोंबडीनं श्रीरंगची टोपी ओढली होती, आणि भानुमती ती त्याच्या डोक्यावर नीट बसवत होती. दोन्ही हातांनी! नमुन्यांचा डबा केव्हाच बंद झाला होता, तरी यांचं हसणं काही संपेना.

प्रतिमानं मान खाली घातली. पायांत लाल चपला.

कोणी पाहिलं नव्हतं. ती तशीच मागं फिरली आणि तीन दिवस गप्प राहिली. दारावरची नियमाची पाटी तिनं स्वतःच रंगवली होती ना! कोणत्या तोंडानं सांगणार?

शुक्रवारी श्रीरंग रिपोर्ट घेऊन आला. एकटाच.

“शेड एकमध्ये जंतू निघाला. तिथली अंडी बंद. पण शेड दोन स्वच्छ आहे, काका. ती खुशाल पाठवा.”

“नर्मदे हर!” शालिग्रामरावांनी हात जोडले. मुलींच्या वसतिगृहाची गाडी फाटकातच उभी होती, अर्धे ट्रे चढलेसुद्धा होते.

प्रतिमानं गाडीकडे पाहिलं. दोनशे पोरी. सकाळच्या घाईत कच्चं-पक्कं ऑम्लेट खाऊन पळणाऱ्या. सांगावं तर याच्यासमोर अब्रू जाणार. न सांगावं तर...

“बाबा, गाडी थांबवा! शेड दोनचंही अंडं जाऊ देऊ नका!”

शालिग्रामराव फाटकाकडे धावले. श्रीरंग तिच्याकडे पाहतच राहिला. “काहून?”

“मंगळवारी तुमचे नमुने घेऊन झाल्यावर मी तिथं आली होती. लाल चपला घालून.”

“तुम्ही? पण... काहून?”

“ते सांगावंच लागते का?”

“नियम मोडला, की रजिस्टरात कारण लिहावं लागते.”

“मग लिहा! ती भानुमती हसून राहिली होती. तुमची टोपी नीट करून राहिली होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पायांत काय आहे, ते दिसलंच नाही मला. लिहा, मोठ्या अक्षरात लिहा!”

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. तो खाली मान घालून लिहीत राहिला. कान मात्र लालबुंद झाले होते. मग त्यानं निळ्या चपला चढवल्या, शेड दोनमधून नवे नमुने घेतले, आणि बाहेर आला.

“तीन दिवस लागतील. रिपोर्ट घेऊन येतो.”

“एकटे या.”

तो रजिस्टर काखोटीला मारून स्कूटरकडे निघाला. प्रतिमा त्याच्या पाठीकडे पाहत राहिली... आणि तिची नजर त्याच्या पायांकडे गेली.

“डॉक्टर! वहीं रुकिए!”

तो पुन्हा एका पायावर थांबला. फाटकाच्या धुळीत, शेड दोनच्या निळ्या चपला घालून!

“काहून जी?” डोळे पुसत ती म्हणाली. “आता तुम्हीही कारण लिहा.”

त्यानं चपलांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. उभ्या उभ्याच रजिस्टरात काहीतरी खरडलं आणि ते तिच्यापुढं धरलं.

वरच्या ओळीत तिचं नाव होतं. चूक — लाल चपला. कारण — प्रेम.

खालच्या ओळीत त्याचं नाव. चूक — निळ्या चपला. कारण — वरीलप्रमाणे.

प्रतिमानं ते दोनदा वाचलं. मग रजिस्टर छातीशी धरून ती हळूच म्हणाली, “आता तरी चपला बदला...”