रिकाम्या बाजूचं वजन

पटलं तर पटलं, नाही तर सोडून द्या. मी आता कुणाला पटवत बसत नाही, तेवढी ताकद उरलेली नाही. पण हे खरं आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय आणि अजून घडतंय.

गेल्याच्या गेल्या वर्षी, नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. आयफेलच्या डोंगरातला आमचा शर्यतीचा ट्रॅक. वर जंगलात धुकं, खाली पिटमध्ये, गॅरेजांपाशी, बारीक भुरभुर. मोसम संपलेला, सगळी गॅरेजं बंद.

आम्ही तिघंच होतो.

मी रोझी. शर्यतीच्या गाड्या काट्यावर चढवायच्या, चारी चाकांवर किती भार पडतो ते बघायचं आणि स्प्रिंग फिरवून तो भार नीट वाटून द्यायचा, हे माझं काम. आयुष्य त्यातच गेलं, कंबरही त्यातच गेली.

दुसरा माटेस, माझा धाकटा भाऊ. ड्रायव्हर. चांगला ड्रायव्हर होता, असं तेव्हा लोक म्हणायचे. 'होता'.

त्याच ट्रॅकवर त्यानं एकदा आपल्या जिवलग मित्राला, फोल्करला, शेजारच्या सीटवर बसवून एक चक्कर मारली होती. आमच्याकडे हे नेहमीचंच, येईल त्या पाहुण्याला फिरवून आणतात. वळणावर पाणी साचलं होतं आणि गाडी सुटली. माटेसला नुसतं खरचटलं.

फोल्कर गेला.

तेव्हापासून माटेस माझ्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसून होता. दाढी वाढलेली, वाढलं तर जेवायचा. मी कामावरून यायचे तर हा सकाळी होता तिथंच. खरं सांगू? मला रडूही येईनासं झालं होतं. एकच पाहिजे होतं, यानं त्या खुर्चीतून उठावं.

तिसरा एगॉनकाका. छोट्या टीमचा मालक, तोंडाचा फटकळ, मनाचा मऊ. त्याच्याकडे दोन गाड्या होत्या. एक मोठी जीटी, छप्परवाली, पाठीवर रुंद पंख आणि दांडगं इंजिन. दुसरी ट्रॅकपुरती हलकी. तिला ना छप्पर, ना दार, ना काच.

"हिला गाडी म्हणतोस काका? बाथटबला चाकं लावलीयत," मी म्हटलं.

"बाथटब म्हण. पण वळणावर ती तुझ्या त्या जीटीच्या नाकात दम आणते." मग तो माटेसकडे वळला. "बघ पोरा. दोन्ही चालव. आवडेल ती पुढच्या मोसमात तुझी. नाही आवडली तर घरी जा आणि बस बहिणीच्या डोक्यावर. मी पुन्हा विचारायला यायचा नाही."

माटेसनं हेल्मेट उचललं.

आधी हलकी गाडी. शेजारची सीट रिकामी होती. रिकाम्या सीटचे पट्टे मी स्वतः आवळले. वाऱ्यानं फडफडू नयेत म्हणून आम्ही ते नेहमीच घट्ट आवळतो.

गाडी गेली. आवाज जंगलात चढला, धुक्यात बारीक झाला...

आणि बंद पडला.

काकानं सिगारेट खाली धरली. ड्रायव्हरशी बोलायच्या रेडिओवर खरखर होती. मग माटेसचा आवाज आला, अगदी हळू.

"हो... दिसलं... हो रे, करतो ब्रेक..."

"माटेस? कुणाशी बोलतोयस?"

डोंगरापलीकडून इंजिन पुन्हा ऐकू आलं. गाडी आली आणि थांबली.

"गाडी उजवीकडे ओढतेय," तो म्हणाला. चेहरा पांढराफटक. "बाकी झकास आहे. इतकी हलकी आहे की रस्त्यावरचं पानसुद्धा बुडाला कळतं."

"मगाशी काय बोलत होतास?"

"मी? काही नाही."

तो उतरला. भुरभुरीनं सगळी गाडी भिजली होती. स्टिअरिंग, पट्टे, तळ, सगळं ओलं. माटेस बसला होता तेवढी सीट कोरडी.

आणि...

शेजारचीही.

मी हात लावून पाहिलं. पाठीपासून मांडीपर्यंत कोरडीठाक. आणि पट्टे सैल झालेले. थोडेथोडके नाहीत, पोट सुटलेला माणूस मावेल एवढे.

फोल्करचं पोट सुटलेलं होतं.

मी काकाला एवढंच म्हटलं, "काट्यावर घेऊ."

रिकामी गाडी चढवली. सगळं बरोबर. मग माटेसला आत बसवलं. ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून डावी बाजू थोडी जड यायला हवी.

उजवी जड आली. चांगली एका धडधाकट माणसाएवढी.

"काटा दमट झालाय," काका म्हणाला. "उतर रे, मी बसतो."

काका बसला. काटा बरोबर.

माटेस बसला. पुन्हा उजवीकडे भार.

काका एकदा माझ्याकडे बघायचा, एकदा काट्याकडे. एरवी त्याचं तोंड बंद नसतं, पण तेव्हा तो नुसता खोकला.

आता आमच्या कामातली एक खोड सांगते. काटा वाकडा आला की आम्ही 'का' विचारत नाही. पाना घेतो आणि स्प्रिंग फिरवतो. भार कुठून आला ते नंतर बघू, आधी गाडी सरळ करू. हाताला तेच वळण पडलेलं असतं.

मी पाना घेतला. उजवीकडची स्प्रिंग चढवली, दोन्ही बाजू जुळवल्या. जो कुणी तिथं बसला होता, त्याच्यासाठी गाडी बसवून दिली.

माटेस पुन्हा गेला. या वेळी आवाज तुटला नाही. परत आला तर... हसत होता. किती तरी दिवसांनी मी त्याचे दात पाहिले.

"आता नीट बसलीय," तो म्हणाला.

मग जीटी. तिच्यात एकच सीट, उजवीकडे नुसता लोखंडी तळ. ती निघाली तर गॅरेजचे पत्रे थरथरले. घड्याळ लावून दोघींची वेळ पाहिली. वळणावळणावर हलकी गाडी पुढे, पण सरळ रस्ता आला की जीटी सगळं वसूल करत होती. शेवटी जीटीच पुढे निघाली.

जवळच्या खानावळीत मसुराचं सूप घेऊन बसलो. काकानं विचारलं, "मग? मला विचारशील तर हलकी घे. तुझा हात तिच्यावर फुलासारखा चालतो."

"जीटी," माटेस म्हणाला.

"अरे गाढवा, ती रेडा आहे! चालवणाऱ्याला काही कळूच देत नाही."

"म्हणूनच."

काका उठून बिअर आणायला गेला. मी माटेसचा हात धरला. "म्हणूनच म्हणजे काय?"

त्यानं चमचा खाली ठेवला. "हलकी गाडी सगळं सांगते, रोझी. कोण बसलंय, कुठल्या वळणावर तो अंग आखडतो, सगळं. जीटीला एवढ्याशा वजनाचं काही नाही. तिच्यात तो आहे की नाही, मला कळत नाही."

"माटेस, तो..."

"तू काटा पाहिलास ना? मग झालं तर. सूप निवतंय."

मी सूप पुढ्यात ओढलं. पोरगा खुर्चीतून उठला होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जीटी काट्यावर घेतली. माटेसला बसवलं. उजवीकडे, जिथं सीटसुद्धा नाही तिथं... तोच भार.

पाना घेतला. स्प्रिंग फिरवली.

पूर्ण मोसम मी ती गाडी दोघांसाठी बसवत आले. टीमच्या पोरांनी विचारलं, उजवी स्प्रिंग एवढी कडक का? मी म्हणायचे, माझी पद्धत आहे, तुम्ही टायर पुसा. माटेस पहिल्या तिघांत यायला लागला. दाढी काढली. सकाळी शीळ घालायचा. मला वाटलं, असेल बाबा, बसू दे त्याला. कुणाला त्रास तर नाही ना देत.

या वर्षी एप्रिलमध्ये, पहिल्या शर्यतीआधी, नेहमीसारखी गाडी काट्यावर घेतली.

उजवी बाजू आणखी जड झाली होती.

मी एकूण वजन पाहिलं. ते गेल्या मोसमाएवढंच. रतीभरही वाढलेलं नव्हतं. पुन्हा पाहिलं. काटे बदलले. पुन्हा पाहिलं.

डावी बाजू कमी झाली होती. जेवढी उजवीकडे वाढ, तेवढीच माटेसच्या बाजूला घट.

मी स्प्रिंग फिरवून गाडी सरळ केली. मेमध्ये आणखी कमी. पुन्हा सरळ केली, जूनमध्ये आणखी कमी.

घरच्या काट्यावर माटेस आहे तेवढाच आहे. पोटभर जेवतो. डॉक्टरनं तपासलं, ठणठणीत म्हणाला. फक्त गाडीत बसला की...

काल पुन्हा चढवली. माटेस आत, हेल्मेट घातलेला. डाव्या बाजूला आता शाळेतल्या पोराएवढा भार उरलाय. माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून मी खाली वाकले.

"बरं वाटतंय ना रे तुला?"

"मस्त," तो आतून म्हणाला. "खरं सांगू? अंग इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं."

एगॉनकाका पाठीमागे उभा होता. त्यानं काटा पाहिला आणि मुकाट्यानं पाना माझ्यापुढे धरला.

मी घेतला नाही.

"अगं, वाकडी आहे गाडी," तो हळूच म्हणाला. "अशीच सोडलीस तर ओढेल. पडेल पोरगं."

"आणि सरळ केली तर?"

त्यानं पाना खाली ठेवला. रविवारी शर्यत आहे. आज शुक्रवार. पाना तिथंच, चाकापाशी पडलाय.