जुनीची जागा

कोळत्तूरच्या बाजारातून आणलेली क्लाउनफिश दोन तास प्लास्टिकच्या डब्यात बसून होती. टाकीतून सोडलेल्या बारीक नळीला गिरीधरनं गाठ मारली होती, आणि टाकीतलं खारं पाणी थेंबथेंब डब्यात पडत होतं. नवा मासा एकदम टाकला तर पाण्याच्या फरकानंच मरतो, म्हणे. दोन हजार सहा सालातली रविवारची दुपार. चेन्नईत अण्णा नगरच्या त्या फ्लॅटमध्ये स्वरदा फरशीवर मांडी घालून हा सोहळा बघत होती. लग्नाला दहा दिवस झाले होते. सुट्टीचे दोन तास माशापायी घालवणाऱ्या नवऱ्याचा खरं तर राग यायला हवा, पण त्याचे ते हळुवार हात बघून तिला तो पहिल्यांदाच मनापासून आवडला.

स्वरदा सांगलीची. पेरुंगुडीच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधायचाच तिला पगार. गिरीधर तंजावरकडच्या मराठी घरातला. त्याची पहिली बायको कृष्णवेणी दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. टाकी तिचीच हौस, आणि आतल्या समुद्रफुलात, त्या फुलासारख्या दिसणाऱ्या जिवंत प्राण्याच्या झुबक्यात, राहणारी ती थोराड तांबडी क्लाउनफिशही तिनंच आणलेली. गिरीधर तिला नुसतं ‘जुनी’ म्हणे. स्वरदाचंही पहिलं लग्न मोडलेलं. हे मात्र टिकवायचंच, अशी खूणगाठ बांधूनच ती चेन्नईत आली होती.

नवीला सोडण्याआधी गिरीधरनं दिवा मालवला, कोपरापर्यंत हात बुडवला आणि आतले दगड हलवायला लागला. इतके छान रचलेले दगड कशाला विसकटता, असं तिनं विचारलं.

“जुनीला आपली जागा पाठ असते,” तो म्हणाला. “नवं कुणी दिसलं की मारून टाकते. दगड हलवले की तिजला कळत नाही, आपलं घर कुठलं. तेवढ्यात नवी रुळते.”

स्वरदाच्या मनात पाल चुकचुकली. झोपायच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीशी खाटेच्या पायांचे चार गोल डाग होते, आणि खाट मात्र खिडकीखाली आडवी. खिडकीचं एक दार त्यामुळे उघडायचंच नाही. एकट्या पुरुषाला कसली आलीय अक्कल, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं. पण तिच्या चपला? आतून कडी असताना त्या रोज सकाळी जिन्यात सापडायच्या. फणी बाल्कनीत. कामवाल्या धनलक्ष्मीवर ती उगाच चिडली होती. ती बिचारी कामाला नऊला यायची.

“खाटही त्यासाठीच हलवलीत?”

गिरीधरनं पाण्यातला हात काढला नाही. “तीन आठवडे जाऊ दे,” तो म्हणाला. “तेवढं सोस.”

त्या आठवड्यात जुनीनं नवीला कोपऱ्यात कोंडलं. समुद्रफुलापाशी काही पडलं की ती ते तोंडात धरून लांब नेऊन टाकायची. स्वरदानं खाटेच्या पायांभोवती पेन्सिलीनं खुणा केल्या. गिरीधर साडेपाचला कंपनीच्या बसनं गुम्मिडिपूंडीला जाई. गुरुवारी सहाला पाय खुणेवर होते. आठला ते दोन बोटं सरकले होते, जुन्या भिंतीकडे. घरात तिच्याखेरीज कुणी नव्हतं.

तिला आधी भीती नाही, संताप आला. मेलेल्या बाईनं माझ्या चपला बाहेर टाकाव्यात? मग रडू आलं. सांगलीला फोन केला तर आई म्हणेल, ये निघून. दुसऱ्यांदा माहेरी जायची तिची तयारी नव्हती.

शनिवारी सकाळी तिनं टाकीत पाहिलं. जुनी जवळ आली की नवी पर मिटून आडवी व्हायची आणि थरथरायची. जुनी चावली नाही. पुढे निघून गेली.

स्वरदा बराच वेळ बघत राहिली. मग खोलीत गेली. स्वतःचंच हसू येत होतं, तरी हात जोडले.

“अक्का, जागा तुमचीच. मी कडेला राहीन.”

रविवारी चपला दाराच्या आतच होत्या. फणी आरशापाशी. खाट जुन्या भिंतीला लागली होती, चारही पाय डागांवर. खिडकीची दोन्ही दारं उघडली, आणि स्वरदाच्या जिवात जीव आला. पुढचा आठवडा ती गुणगुणत वावरली.

एकविसाव्या दिवशी नवी समुद्रफुलात शिरली, जुनीच्या शेजारी.

“घेतलं तिनं,” गिरीधर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

“आता हीसुद्धा तेवढी मोठी होईल?”

“नाही. मोठी आहे तोवर धाकटी वाढत नाही. कधीकधी आणखी बारीक होते. मोठीला तिचा धोका वाटू नये म्हणून.”

त्यानं खाण्याचे चार दाणे तिच्या हातात दिले. स्वरदानं मूठ मिटून हात पाण्यावर धरला.

सांगलीला चुडा भरताना कासारणीला साबण लावावा लागला होता. मनगट सोलून निघालं होतं.

एकेक करून हिरव्या बांगड्या पाण्यात पडल्या. स्वरदानं मूठ अजून उघडलीसुद्धा नव्हती.