गारांच्या वर्षाची बाटली

"ताविया, तुझा कोनाडा रिकामाच आहे ना... बाळाच्या वर्षाच्या वाइनच्या बाटल्या तिथे ठेवल्या तर चालेल?"

बाप्तिस्म्याच्या जेवणात भावजयीने, लोरेदानाने, अगदी सहज विचारलं. पण ओत्तावियाच्या हातातली पळी थबकली. मग ती नेहमीसारखीच हसली. "ठेव की. चाळीस वर्षं कोळीच राहतायत तिथे."

ब्रिन्योलोंच्या तळघरात घरातल्या प्रत्येक मुलाचा एक कोनाडा, आणि त्यात त्याच्या जन्मवर्षाच्या बारोलो वाइनच्या साठ बाटल्या! धाकट्या भावाचा, एजिदिओचा कोनाडा गच्च भरलेला. ओत्तावियाचा मात्र... ती जन्मली त्या वर्षी, द्राक्षतोडणी आठवड्यावर आली असताना, गारांनी अख्खी टेकडी झोडपली आणि जिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात ती वाइन झालीच नाही. "गारा घेऊन आलेली पोर," आजी म्हणायची. ते शब्द तिच्या कोवळ्या अंतःकरणात असे रुतले, की पापांना अर्धांगवायू झाला, मळा सांभाळायला कुणीतरी घरी राहणं भाग पडलं, तेव्हा वाइनचं शिक्षण सोडून तीच म्हणाली, "एजिदिओला जाऊ दे." जणू त्या गारांची भरपाई तिलाच करायची होती... एजिदिओ वाइनचा पारखी म्हणून नावाजला. त्याची जीभ खोटं बोलत नाही, असं मिलानपर्यंतचे व्यापारी सांगत. ओत्तावियाची पारख त्याच्याहून तसूभरही कमी नव्हती, पण ते ठाऊक होतं फक्त तळघरातल्या पिंपांना!

जेवणानंतर ती झाडू घेऊन तळघरात उतरली. कोनाड्याला झाडू लावते तोच मागे काठीचा आवाज... एजिदिओच्या खांद्यावर भार टाकून पापा येत होते. मागून बाळाला घेऊन लोरेदाना.

"नको," पापा म्हणाले. "तो... तुझा."

"रिकामाच आहे हो, पापा."

"गारा... गारा..."

म्हणजे पापासुद्धा? तिचे डोळे भरून आले. पण पापांची काठी व्हिनेगरच्या पिंपामागच्या एका विटेवर आपटत होती. एजिदिओने वीट ओढली. आत धुळीने माखलेली एकच बाटली, आणि तिच्यावर रंगाने लिहिलेलं... ओत्ताविया.

"तुझी आई... मी," पापा अडखळत होते. "पानांखाली वाचलेली द्राक्षं... वेचली. एकेक मणी. आजोबा म्हणाले, यंदा घराच्या नावाने बाटली भरायची नाही. म्हणून लपवली. तुझ्या लग्नात... काढणार होतो." त्यांचा अर्धा चेहरा रडत होता. "तू गारांची नाहीस, पोरी. वाचलेल्यांची."

एजिदिओने बूच काढलं, चार पेले भरले. रंग चहासारखा. ओत्तावियाने हुंगलं आणि तिला कळलं... वाइन केव्हाच मेली होती. आंबूस, कुजक्या पानांसारखी. आता पापा टक लावून पाहत होते ते एजिदिओकडे. स्वतःच्या सासऱ्याच्या, लोरेदानाच्या वडिलांच्या तोंडावरही त्यांच्याच वाइनला नावं ठेवणाऱ्या एजिदिओकडे!

त्याने अख्खा पेला संपवला. तोंडही वाकडं केलं नाही.

"ताविया," तो म्हणाला, "इतकी सुंदर वाइन या घरात झालेली नाही."

पापा अर्ध्या तोंडाने हसले. भावाची ती खरी जीभ आज पहिल्यांदाच खोटं बोलली होती, आणि ती तिच्यासाठी! ओत्तावियाने आपला पेला शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला आणि भावापुढे धरला.

"अजून ओत," ती म्हणाली. "माझ्या वर्षाची आहे."