महालातली हलगी

आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, घेऊन मी महालात गेलो ते साहेबांना नकार द्यायला. एवढंच काम होतं. बोलायचं, नमस्कार करायचा आणि दुपारच्या एस.टी.नं पलूसला परत यायचं. माझी नोकरी जाणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण तोंडावर सांगूनच यायचं, असा आण्णांचा हट्ट.

महाल म्हणजे तळ्याकाठची सरदारांची हवेली. एकसष्टच्या सुमारास तिचं लोकसंस्कृतीचं संग्रहालय करायचं ठरलं आणि मला तिथं शिपायाची कच्ची जागा मिळाली. उद्घाटनाला बडे पाहुणे येणार होते. तुझ्या वडलांनी त्यांच्यापुढं हलगी वाजवली तर तुला पक्का करतो, असं संग्रहालयाचे साहेब म्हणाले. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आण्णांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि हलगीही. पुन्हा तिला हात लावायचा नाही, असा त्यांनी शब्द दिला होता. तोही कुणा दुसऱ्याला नाही, स्वतःलाच.

गावगाड्याच्या दालनात रंग उडू नयेत म्हणून खिडक्या कायम बंद असत. आत माणसाएवढे मातीचे पुतळे. पाटील, कुंभार, गोंधळी, सगळे ऐटीत. आमच्या वाट्याचा पुतळा तेवढा वाकलेला, दात विचकून हसणारा, आणि त्याच्या गळ्यात खरीखुरी जुनी हलगी. त्याची धूळ मीच झाडायची. तोंडाकडं न बघताच झाडायचो.

पण खरी किळस त्या हलगीची. तिचं कातडं कधी वाळतच नसे. पुसलं की फडकं चिकट व्हायचं. वास कच्च्या चामड्याचा, लहानपणी वस्तीमागच्या खड्ड्यात भिजत पडलेलं असायचं तसला. आणि तिच्यावर केस यायचे. बारीक, पांढुरके, ओले. साहेब म्हणायचे, तळ्याची ओल आहे, बुरशी असेल, खरवडून टाक. मी दाढीच्या पात्यानं खरवडायचो. पातं पाण्यात बुडवलं की केस वर तरंगायचे. त्या दिवशी भाकरी तशीच घरी परत न्यायचो.

साहेब दालनातच भेटले. आण्णांनी हात जोडून नाही म्हटलं. साहेब हसले.

“नाथाजी, धर्म बदलला म्हणून कला विसरायची का?”

“कला न्हवं सायेब. ते काम हुतं. आमी सोडलं.”

साहेबांचा चेहरा उतरला. मग आम्हाला लाजवायचं म्हणून की काय, त्यांनी पुतळ्याच्या गळ्यातली हलगी काढून स्वतःच्या छातीशी धरली. काड्या नव्हत्या, म्हणून तळव्यानंच थाप मारली. यात एवढं अवघड काय आहे, असं म्हणत दुसरी मारली.

हलगीचा आवाज आला नाही. ओल्या मांसावर हात पडावा तसं काहीतरी पचकन वाजलं, आणि साहेबांचा हात तिथंच राहिला.

“धनाजी… निघत नाही.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते हात ओढत होते आणि कातडं हाताबरोबर वर येत होतं. मी हलगीची कड धरून खेचली. माझी बोटं कातड्याला लागली. ते कोमट होतं. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या कातड्यावर काटा आला, थंडीत माणसाच्या अंगावर येतो तसा. मी दारापर्यंतही पोहोचलो नाही. पाटलाच्या पुतळ्याच्या पायाशीच ओकलो.

साहेब भिंतीला टेकून खाली बसले. हलगी त्यांच्या मांडीवर उताणी.

“नाथाजी… आत ओढतंय हो. तुम्हाला यातलं कळतं. हात लावा…”

हात लावा, असं त्या हवेलीत आमच्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं.

आण्णा हलले नाहीत. त्यांची बोटं वळलेली मला दिसली. माणूस समोर तडफडतोय आणि आपण शब्द पाळत बसलोय, हे त्यांना सोसत नव्हतं. लावतात आता हात, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, मला भयंकर भीती वाटली. पण त्यांनी पाटलाच्या पुतळ्याशेजारची तांब्याची घागर उचलली आणि ते बाहेर गेले. तळ्याच्या घाटावरून भरून आणली.

“माझ्या बाला सनासुदीला ह्याच दारात वाजवाय लागायचं,” ते म्हणाले. “दिसभर, उनात. तळं हितंच. पर पानी द्याला कोन न्हवतं.”

मग त्यांनी हलगीवर पाणी ओतलं. वरून, हातभर अंतर ठेवून, कुठंही शिवू न देता. पूर्वी आमच्या लोकांच्या ओंजळीत ओतायचे, अगदी तसं.

साहेबांचा तळवा सुटला. लालभडक, सोललेला. तो हात पोटाशी धरून ते रडायला लागले. आण्णांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते ओततच होते. घोट घेतल्याचा आवाज येत होता, हावरा, घाईघाईचा.

हलगीला कातडं एकाच अंगाला असतं. दुसरं अंग उघडं.

घागर रिकामी झाली. आण्णांनी ती माझ्या हातात दिली.

“आजून आन,” ते हळूच म्हणाले.

मी खाली पाहिलं. फरशीवर थेंब नव्हता. हलगीखालची साहेबांची पांढरी विजार कोरडी ठणठणीत होती.